वाळूच्या वाटांचा जाणकार

चिल्डर्स हे नाव मी प्रथम ऐकले ते पुण्यात, पालीच्या वर्गात. आमचे गुरुजी एखाद्या शब्दावर अडले की कपाटाकडे बोट दाखवून चिल्डर्स काढायला सांगत. चिल्डर्स म्हणजे पाली-इंग्रजी शब्दकोश, जाडजूड आणि कडा खाल्लेला. पुढे कित्येक वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक इंग्रजी कादंबरी हाती आली. लेखकाचे नाव तेच पाहून मला वाटले, पालीच्या पंडिताने हा उद्योग केव्हा केला? घरी येऊन पाने चाळली तेव्हा कळले, की कादंबरीकार हा पंडिताचा मुलगा. वाचायला बसलो तो पहाटेपर्यंत उठलो नाही, आणि त्याचे कारण कथानक नव्हते. पुस्तकात नकाशे होते. समुद्रकाठची बेटे, त्यांच्या मागे ठिपक्यांनी दाखवलेली वाळू, आणि त्या वाळूतून झाडाच्या मुळांसारख्या फुटत गेलेल्या पाण्याच्या बारीक वाटा. मी दाभोळच्या खाडीकाठी वाढलो. भरतीला ज्या ठिकाणी होडी चालते तिथेच ओहोटीला माणूस चालतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रॉबर्ट एर्स्किन चिल्डर्सचा जन्म २५ जून १८७० रोजी लंडनमध्ये झाला. वडील रॉबर्ट सीझर चिल्डर्स यांनी सिलोनमध्ये सरकारी नोकरी केली होती, पाली ते तिथेच शिकले. शब्दकोश पुरा झाला आणि १८७६ साली क्षयाने ते गेले. आईलाही तोच रोग होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तिला मुलांपासून दूर ठेवले गेले, आणि मुलांनी तिला पुन्हा पाहिले नाही. पाची भावंडे आयर्लंडमध्ये विकलो परगण्यात, अ‍ॅनामो गावच्या ग्लेंडालॉक या आजोळच्या घरी आली. इंग्रज बापाचा, आयरिश आईचा हा मुलगा अशा रीतीने आयर्लंडच्या डोंगरात वाढला आणि शिकला मात्र इंग्लंडमध्ये, आधी हेलीबरीत आणि मग केंब्रिजला. १८९५ साली तो ब्रिटिश पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये कारकून म्हणून लागला. सभ्य, अबोल, चष्मा लावणारा, एका पायाने किंचित लंगडणारा तरुण. सभागृहाचे अधिवेशन उन्हाळ्याच्या अखेरीस संपले की कारकुनांना लांबलचक सुटी मिळे. त्या सुटीत हा गृहस्थ छोट्या शिडाच्या होडीतून समुद्रावर जाई.

नौकाविहार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या पाटलोणी, चकाकणारी पितळ आणि पगारी खलाशी येतात. तेव्हाच्या श्रीमंत इंग्रजांचा नौकाविहार तसाच होता. चिल्डर्सला त्याचे आकर्षण नव्हते. त्याच्या होडीवर स्वयंपाक तोच करी, शिडे तोच शिवी, आणि नांगर काढताना चिखलाने तोच माखे. १८९७ साली त्याने 'व्हिक्सन' नावाची होडी घेतली. ही मुळात मोठ्या जहाजावरची जीवरक्षक होडी, तीस फूट लांब. तिच्यावर छत आणि डोलकाठी चढवून कुणीतरी तिची यॉट केलेली. दिसायला बेढब, आत ताठ उभे राहायची सोय नाही, छत गळके. पण तिचा तळ उथळ होता आणि पोटातून खाली सोडता येईल, हवी तेव्हा वर ओढून घेता येईल अशी एक लोखंडी फळी होती. समुद्रावर वारा बाजूने असेल तेव्हा फळी खाली सोडायची, म्हणजे होडी आडवी सरकत नाही. उथळ पाण्यात शिरले की ती वर घ्यायची. आणखी एक उपयोग असा, की वाळूला आधी ती फळी लागते. खडखड ऐकू आली की फळी वर ओढा, होडी मोकळी होते, आणि मागे फिरायला थोडा अवधी मिळतो. आंधळ्याच्या हातातल्या काठीसारखाच हा प्रकार.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये चिल्डर्स निघाला तो दक्षिणेकडे जायच्या बेताने. वाऱ्याने तो बेत मोडला आणि व्हिक्सन ईशान्येला वळली. हॉलंडच्या किनाऱ्याने ती टेर्शेलिंग बेटापर्यंत आली आणि तिथून जर्मनीच्या फ्रिशियन बेटांकडे गेली. त्याच्यासोबत कधी एखादा मित्र असे, कधी थोरला भाऊ हेन्री. त्यापलीकडे माणसे नाहीत.

या प्रदेशाची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण चिल्डर्सचे सगळे कसब तिथेच तयार झाले. जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यापुढे बोर्कुमपासून वांगेरोगपर्यंत सात वस्तीची बेटे माळेसारखी पसरली आहेत. बेटांच्या बाहेर उत्तर समुद्र, आणि बेटे व किनारा यांच्यामध्ये काही मैल रुंदीचा पट्टा. भरतीला तो सरोवरासारखा दिसतो. ओहोटीला त्यातले बहुतेक पाणी निघून जाते आणि क्षितिजापर्यंत ओली वाळू आणि चिखल उघडा पडतो. पाणी राहते ते फक्त नागमोडी नाल्यांत. या सगळ्या मुलखाला आज वाडन समुद्र म्हणून जागतिक वारशाचा दर्जा आहे. जर्मनी आणि हॉलंडकडच्या भागाला तो २००९ साली मिळाला, डेन्मार्ककडच्या भागाला २०१४ साली. चिल्डर्सच्या वेळी तिथे स्थानिक मालाची गलबते आणि मासेमार यांखेरीज फारसे कुणी फिरकत नसे.

भरतीचे पाणी बेटाच्या दोन्ही टोकांकडून आत शिरते आणि बेटाच्या पाठीमागे त्याची गाठ पडते. जिथे गाठ पडते तिथे प्रवाह थंडावतो, गाळ खाली बसतो आणि जमीन उंचावते. म्हणजे प्रत्येक बेटामागे मधोमध एक न दिसणारा बांध असतो. एका नाल्यातून पलीकडच्या नाल्यात जायचे तर हा बांध ओलांडायलाच हवा, आणि त्यावर पुरेसे पाणी ऐन भरतीच्या आगेमागे तास-दीड तासच असते. जाणकार नावाडी काय करतो? तो अर्ध्या भरतीला निघतो. चढते पाणी त्याला आत घेऊन जाते. भरती पुरी व्हायला थोडा वेळ असताना तो बांधावर पोचतो, ओलांडतो, आणि ओहोटी लागली की तेच पाणी त्याला पलीकडच्या उतारावरून बाहेर काढते. वारा नसला तरी चालते. मात्र अर्धा तास उशीर झाला तर रात्र वाळूवर.

वाळूवर बसणे हेच मुळी वाईट नाही, आणि चिल्डर्सच्या सगळ्या लिखाणात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. बसायचे केव्हा, हा प्रश्न आहे. चढत्या पाण्यात होडी टेकली तर नांगर पुढे टाकून स्वस्थ बसावे, चहा करावा. पाऊण तासात ती आपोआप उठते. उतरत्या पाण्यात टेकली तर एक मिनिटही हातात नसते. सहा तासांच्या ओहोटीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग पाणी उतरते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक साधारण अडीच मीटर. म्हणजे मधल्या तासांत ताशी दोन फूट पाणी पायाखालून जाते. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे उधाणाच्या ऐन भरतीला टेकणे. कारण पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा थोडी कमीच चढणार. मग पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस होडी वाळूवर, आणि वारा बाहेरून सुटला तर लाटा तिचे तुकडे करणार.

हे वाचताना मला आमचे तात्या आठवले. ते सख्खे काका नव्हेत, पण गाव त्यांना तात्याच म्हणे. मुंबईच्या आगबोटीतून दाभोळला उतरलेली चिपळूणची माणसे पूर्वी खाडीतून गोवळकोटपर्यंत जात, आणि ती जात पाण्याच्या सवडीने, घड्याळाच्या नव्हे. तात्यांनी तरुणपणी त्या फेऱ्या मारलेल्या. त्यांचा हिशेब तिथीचा. तिथीची पाऊणपट करायची, भरती पुरी होण्याची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. उधाणाच्या भरतीचे पाणी आणि भांगाच्या भरतीचे पाणी यांतला फरक ते नदीकाठच्या एका खडकावरून सांगत. बगळा उभा दिसला की तिथे गुडघाभर पाणी, हे तर आम्ही पोरेही सांगू शकत होतो. केंब्रिजला शिकलेला चिल्डर्स आणि चौथी शिकलेले तात्या एका होडीत बसले असते तर भाषेवाचून त्यांचे काही अडले नसते, असे मला नेहमी वाटते.

नाल्यांच्या कडा ओळखण्यासाठी फ्रिशियन लोक बर्चची रोपटी वाळूत रोवून ठेवत, अजूनही ठेवतात. तेवढ्यावर विसंबता येत नाही, कारण वादळात वाळू हलते आणि नाला जागा बदलतो. नकाशा छापून होईतो जुना होतो. म्हणून चिल्डर्स हातात खुणा केलेला बांबू धरून बसे आणि टोचत टोचत जाई. खोली आकड्यांत, तळाचा पोत हाताला, होकायंत्रावरची दिशा आणि घड्याळावरची वेळ, या चार गोष्टी त्याच्या वहीत उतरत. त्या शरद ऋतूत व्हिक्सन बेटांमागून पुढे एल्ब नदीपर्यंत गेली, दोनच वर्षांपूर्वी खुल्या झालेल्या कील कालव्यातून बाल्टिक समुद्रात उतरली आणि ऐन हिवाळ्यात परत टेर्शेलिंगला आली. थंडी, धुके, गळके छत आणि ओले कपडे. सुखाची सहल म्हणावी असे त्यात थोडेच होते.

त्या वह्यांतून १९०३ साली 'द रिडल ऑफ द सँड्स' ही कादंबरी निघाली. मधल्या काळात तो बोअर युद्धात साधा शिपाई म्हणून जाऊन आला होता आणि त्यावर एक पुस्तकही लिहून बसला होता. कादंबरीत डेव्हिस नावाचा एक भिडस्त नावाडी आहे आणि कॅरुथर्स नावाचा परराष्ट्र खात्यातला टापटिपीचा तरुण. त्यांना असा शोध लागतो, की या उथळ पाण्याच्या आडून जर्मनी इंग्लंडवर सैन्य उतरवायची तालीम करते आहे. ज्या नाल्यांत लढाऊ जहाजे शिरू शकत नाहीत त्यांतून सपाट तळाच्या नावा ओढून न्यायच्या. पुस्तकातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग दाट धुक्यातला आहे. नॉर्डर्नायहून मेमर्ट बेटापर्यंत दोघे लहान होडीतून वल्ही मारत जातात. दहा हातांपलीकडचे दिसत नाही, पाणी उतरते आहे, आणि डेव्हिस होकायंत्र मांडीवर ठेवून बांबूने नाल्याची कड चाचपत जातो. मी तो भाग निदान पाच वेळा वाचला असेन. लढाईची दृश्ये लिहिणारे पुष्कळ. गाळात काठी टोचणे इतके थरारक करणारा दुसरा लेखक मला ठाऊक नाही.

पुस्तक तुफान खपले. या कादंबरीने ब्रिटिश नौदलाला जागे केले असे नेहमी सांगितले जाते. ते मला पुरते पटत नाही. उत्तर समुद्राकडे तोंड करून रोसाइथला नाविक तळ बांधायचा निर्णय पुस्तक बाहेर येण्याआधीच जाहीर झाला होता. पण लोकांच्या मनात जर्मन किनारा आला तो या पुस्तकाने, हे खरे. १९१० साली ब्रँडन आणि ट्रेंच या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्याच किनाऱ्यावर हेरगिरी करताना जर्मनांनी पकडले. खटल्यात ही कादंबरी निघालीच, आणि ती वाचल्याचे त्यांनी कबूलही केले. दोघांनाही चार वर्षांची शिक्षा झाली.

पुस्तक निघाले त्याच वर्षी चिल्डर्स अमेरिकेत बॉस्टनला गेला, तिथे मॉली ऑसगुडशी त्याची गाठ पडली आणि जानेवारी १९०४ मध्ये त्यांचे लग्न झाले. लहानपणच्या एका अपघाताने मॉलीला धड चालता येत नसे. पण होडीच्या सुकाणूवर ती नवऱ्याच्या तोडीची होती. सासऱ्यांनी लग्नाची भेट म्हणून 'आस्गार्ड' ही यॉट बांधवून दिली. नॉर्वेच्या कॉलिन आर्चर या नामांकित कारागिराच्या हातची, १९०५ सालची. ती खोल तळाची होती, खुल्या समुद्रासाठी. वाळूतले दिवस संपले.

साम्राज्याचा हा निष्ठावान सेवक पुढच्या दहा वर्षांत आयरिश स्वराज्याचा पुरस्कर्ता झाला. १९१० साली त्याने पार्लमेंटची नोकरी सोडली, १९११ साली स्वराज्याच्या आराखड्यावर पुस्तक लिहिले. एप्रिल १९१४ मध्ये अल्स्टरच्या स्वराज्यविरोधकांनी जर्मनीतून हजारो बंदुका उघडपणे आणल्या आणि सरकारने डोळेझाक केली. तेव्हा दुसऱ्या बाजूनेही बंदुका आणायच्या असे ठरले आणि नावाड्याचे काम चिल्डर्सकडे आले. १२ जुलै १९१४ च्या संध्याकाळी बेल्जियमच्या किनाऱ्यापुढे एका दीपनौकेजवळ हॅम्बुर्गहून आलेल्या ओढबोटीतून ९०० रायफली आणि २९,००० काडतुसे आस्गार्डवर उतरली. आत बसायला जागा राहिली नाही. बंदुकांवर गाद्या टाकून माणसे झोपली, त्यांवरच जेवली. होडीवर सहाजण होते. चिल्डर्स, मॉली, मेरी स्प्रिंग राइस, गॉर्डन शेफर्ड हा ब्रिटिश सैन्यातला वैमानिक आणि गोला बेटावरचे दोन कोळी. एका रात्री नौदलाच्या जहाजांमधून जाताना एक विनाशिका त्यांच्या अंगावर येता येता चुकली.

डब्लिनजवळच्या होथ बंदरात २६ जुलैच्या दुपारी पोचायचे होते. त्या बंदरात ओहोटीला इतक्या खोल तळाच्या होडीला पाणी नाही. भरतीची घटका एकच. आधी एक मोटारबोट येऊन सारे ठीक असल्याची खूण देणार होती. समुद्र खवळलेला होता आणि ती आलीच नाही. बाहेर थांबावे तर पाणी उतरणार, आत जावे तर धक्क्यावर पोलीस असतील की आपली माणसे ते ठाऊक नाही. चिल्डर्सने आत घातली. मेरी स्प्रिंग राइस ठरल्याप्रमाणे तांबडा झगा घालून वर उभी राहिली. धक्क्यावर स्वयंसेवक होते, आणि अर्ध्या तासात होडी रिकामी झाली. त्याच संध्याकाळी डब्लिनच्या बॅचलर्स वॉक रस्त्यावर सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या, माणसे मेली. बंदुकांची ही पहिली किंमत, आणि चिल्डर्सच्या चाहत्यांनी ती विसरू नये असे मला वाटते.

आठवड्याभरात महायुद्ध पेटले आणि हाच माणूस ब्रिटिश नौदलात भरती झाला. लहान राष्ट्रांसाठी हे युद्ध आहे अशी तेव्हा त्याची समजूत होती. नौदलाला फ्रिशियन किनारा माहीत असलेला माणूस हवाच होता. २५ डिसेंबर १९१४ रोजी, नाताळच्या सकाळी, कुक्सहाफेनजवळच्या झेपेलिनच्या तळावर समुद्री विमानांनी हल्ला केला. त्यांपैकी एका विमानात दिशा दाखवायला चव्वेचाळीस वर्षांचा चिल्डर्स बसला होता. धुक्याने लक्ष्य सापडले नाही. पण परतीच्या वाटेवर तो त्याच बेटांवरून गेला, जिथे सतरा वर्षांपूर्वी त्याने बांबूने वाळू चाचपली होती. वरून ते नाले कसे दिसले असतील याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

युद्ध संपले तेव्हा त्याच्या छातीवर ब्रिटिश पदक होते आणि मन आयर्लंडकडे पुरते गेले होते. १९१९ पासून तो डब्लिनला राहू लागला, प्रजासत्ताकाचा प्रचार सांभाळू लागला. १९२१ च्या लंडनमधल्या वाटाघाटींत तो आयरिश शिष्टमंडळाचा चिटणीस होता. डिसेंबरमध्ये तह झाला, आयर्लंडला वसाहतीच्या दर्जाचे राज्य मिळाले आणि राजाशी निष्ठेची शपथ राहिली. चिल्डर्सला तह मान्य नव्हता. मायकेल कॉलिन्स आणि आर्थर ग्रिफिथ तहाच्या बाजूला, डी व्हॅलेरा आणि चिल्डर्स विरुद्ध. ग्रिफिथने भर सभागृहात त्याच्या इंग्रजपणावर बोट ठेवले. इंग्रजांना तो देशद्रोही वाटत होता आणि निम्म्या आयरिशांना हेर. १९२२ च्या जूनमध्ये यादवी युद्ध सुरू झाले. पाण्याची प्रत्येक भरती नव्याने मोजणारा हा माणूस राजकारणात मात्र आपल्या खुणेवरून तसूभर हलायला तयार नव्हता. मला हे रूपक फार ओढायचे नाही. पण ओहोटी लागलेली त्याला दिसत नसेल, हे मी मानायला तयार नाही.

१० नोव्हेंबर १९२२ रोजी पहाटे सरकारी सैनिकांनी त्याला पकडले, ते अ‍ॅनामोच्या त्याच घरी, जिथे तो लहानाचा मोठा झाला होता. त्याच्याजवळ एक छोटे पिस्तूल सापडले. दोघे मित्र असताना कॉलिन्सनेच ते त्याला दिले होते. कॉलिन्स ऑगस्टमध्येच गोळीला बळी पडला होता. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला नव्या नियमाने देहदंड होता. १७ तारखेला लष्करी न्यायालयापुढे खटला झाला. त्याचे अपील न्यायालयात प्रलंबित असतानाच २४ नोव्हेंबरच्या सकाळी डब्लिनच्या बेगर्स बुश बराकीत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय बावन्न. गोळ्या घालणाऱ्या प्रत्येक सैनिकाशी त्याने हस्तांदोलन केले आणि त्यांना काम सोपे जावे म्हणून एक-दोन पावले पुढे यायला सांगितले.

आदल्या दिवसांत त्याचा सोळा वर्षांचा मुलगा भेटायला आला होता. आपल्या मृत्युदंडाच्या हुकमावर ज्यांनी सह्या केल्या त्या प्रत्येकाला शोधून त्याच्याशी हात मिळवायचा, असे वचन बापाने मुलाकडून घेतले. तो मुलगा, एर्स्किन हॅमिल्टन चिल्डर्स, १९७३ साली आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि वर्षभरानंतर पदावर असतानाच वारला.

आस्गार्ड १९६१ साली आयरिश सरकारने विकत घेतली. काही वर्षे तिच्यावर मुलांना शिडाच्या जहाजाचे शिक्षण दिले गेले, मग ती वाळत पडली. पुष्कळ खटपटीनंतर तिची डागडुजी झाली आणि २०१२ पासून ती डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. संग्रहालयाची ती इमारत पूर्वी लष्करी बराक होती. तिचे आजचे नाव कॉलिन्स बराक. पाण्याखाली राहणारा तिचा खोल तळ आता टेकूंवर उघडा उभा आहे, आणि त्याखालून चालत जाता येते.